मुंबईतील पहिली हलती चित्रे

अंधेरीच्या पश्चिमेस, खाडीच्या मुखाशी वसलेले वर्सोवा हे मूळचे कोळ्यांचे गाव. किनाऱ्यावर ओढलेल्या होड्या, काठ्यांच्या मांडवावर वाळत घातलेले बोंबील आणि खाडीपलीकडचे मढ, हे त्याचे जुने रूप अद्याप पुसले गेलेले नाही. परंतु आज या गावाचे नाव निघाले म्हणजे शहरातील माणसास मासळीच्या आधी चित्रपट आठवतो, इतकी दाट वस्ती त्या धंद्यातील नट, लेखक, छायाचित्रकार आणि संकलक मंडळींनी तेथे केली आहे. ज्या धंद्यावर ही वस्ती पोसली जाते त्याचा या शहरातील पहिला दिवस मात्र वर्सोव्यापासून पुष्कळ दूर, कोटाच्या कडेला, एका लोखंडी इमारतीत उगवला. १८९६ च्या जुलैत वर्सोव्याच्या एखाद्या रहिवाशास तो पाहावयाचा असता, तर भर पावसात अंधेरीपर्यंत बैलगाडी, तेथून बी. बी. सी. आय. ची आगगाडी, आणि एवढे करून दाराशी एक रोकडा रुपया, इतकी सिद्धता त्यास करावी लागली असती.

ही इमारत म्हणजे वॉटसनचे एस्प्लनेड हॉटेल. तिचा लोखंडी सांगाडा विलायतेत ओतून, जहाजाने आणून, येथे जोडण्यात आला होता. ७ जुलै १८९६ रोजी 'टाइम्स ऑफ इंडिया' पत्रात एक जाहिरात झळकली. शतकातील नवल आणि जगातील आश्चर्य अशा थाटात तीत सांगितले होते की, ल्युमिएर बंधूंनी सिद्ध केलेली सजीव छायाचित्रे, माणसाच्या खऱ्या आकारात, त्याच दिवशी वॉटसनच्या हॉटेलात दाखविली जातील. खेळ चार होते : सायंकाळी सहा, सात, नऊ आणि दहा वाजता. दर एक रुपया. गिरणीत राबणाऱ्या माणसाची सुमारे दोन दिवसांची मजुरी त्यात जावी, असा तो दर होता. तेव्हा प्रेक्षक कोणत्या थरातील असतील हे निराळे सांगावयास नको.

चित्रे सहा. पहिले खुद्द सिनेमॅटोग्राफ यंत्राची ओळख करून देणारे. मग स्थानकात शिरणारी आगगाडी, समुद्रस्नान, एका भिंतीची पाडापाड, कारखान्यातून बाहेर पडणारे कामगार, आणि शेवटी चाकांवरून जाणाऱ्या स्त्रिया व सैनिक. प्रत्येक चित्र एका मिनिटाहूनही थोडे कमीच चाले. त्यात कथा नव्हती, नट नव्हते, शब्द नव्हता. कामगार फाटकातून बाहेर पडतात आणि घरी जातात, एवढेच. तरीही हे पाहावयास लोक रुपया मोजून आले, कारण भिंतीवरचे चित्र हलत होते आणि ते एकाच वेळी सर्वांना दिसत होते.

या शेवटच्या शब्दांकडे थोडे थांबून पाहिले पाहिजे. चित्रपटाचा शोध कोणी लावला, हा प्रश्न आपल्याकडे नेहमी एका नावाच्या अपेक्षेने विचारला जातो. वस्तुतः त्यात दोन निराळी कामे एकत्र गुंतलेली आहेत. चालत्या वस्तूची छायाचित्रे घेणे हे एक आणि ती जमलेल्या समुदायासमोर पडद्यावर पाडणे हे दुसरे. पहिले काम आधी साधले. फ्रान्समध्ये जन्मलेल्या लुई ल प्रिन्स याने इंग्लंडातील लीड्स येथे १८८८ साली एका बागेत फिरणाऱ्या माणसांचे चित्र घेतले, ते आजही अवशिष्ट आहे. त्याचे जाहीर प्रदर्शन करण्याची वेळ मात्र त्याच्यावर आली नाही. १६ सप्टेंबर १८९० रोजी तो दीजाँ येथे पॅरिसच्या गाडीत बसला आणि त्यानंतर तो कोणासही दिसला नाही. अमेरिकेत एडिसनच्या प्रयोगशाळेत डिक्सन याने हलत्या चित्रांची लांबच लांब फीत सिद्ध केली आणि १८९४ च्या एप्रिलमध्ये न्यू यॉर्कला तिचे दुकानही थाटले गेले. परंतु तेथे पडदा नव्हता. एक लाकडी पेटी, तिच्या माथ्यावर भिंगाचे छिद्र, आणि त्यास डोळा लावून वाकलेला एकटा माणूस! एका वेळी एकाच गिऱ्हाइकाने पैसे टाकावे आणि पेट्या पुष्कळ खपाव्या, हा व्यापारी हिशेब एडिसनला पसंत होता. एवढ्या कुशाग्र माणसास समुदायाचे महत्त्व कळू नये, हे विचित्र खरे.

दुसऱ्या कामातील अडचण कोणती होती? जादूच्या कंदिलाने काचेवरचे चित्र पडद्यावर मोठे करून पाडण्याची विद्या तर दोन शतकांहून अधिक जुनी होती. हलत्या चित्रांची फीत त्याच कंदिलापुढून सरकवीत नेली म्हणजे झाले, असे कोणासही वाटेल. पण तसे केल्यास पडद्यावर केवळ एक करडा धूसर पट्टा धावताना दिसतो. डोळ्यास हालचालीचा भास व्हावयाचा तर प्रत्येक चित्र प्रकाशासमोर क्षणभर अगदी निश्चल उभे राहिले पाहिजे. मग प्रकाश झाकला गेला पाहिजे. त्या अंधारात फीत पुढे सरकून दुसरे चित्र नेमके पहिल्याच्या जागी आले पाहिजे. आणि पुन्हा प्रकाश उघडला पाहिजे. हे सारे एका सेकंदात सोळा वेळा व्हावयाचे, आणि तेही फीत न फाटता. चित्रपट पाहताना आपण काही काळ चक्क अंधाराकडे पाहत असतो, ही गोष्ट बहुतेकांच्या ध्यानीही येत नाही.

लियाँ शहरात छायाचित्रणाच्या काचा तयार करण्याचा मोठा कारखाना चालविणाऱ्या ल्युमिएर कुटुंबाने हे कोडे सोडविले. वडील आँत्वान यांनी १८९४ साली पॅरिसला एडिसनची पेटी पाहिली आणि घरी येऊन मुलांना या कामास लावले. धाकटा मुलगा लुई याला युक्ती सुचली ती शिवणयंत्रावरून. शिवणयंत्रात कापड टाक्याटाक्याने पुढे सरकते; सुई आत असताना ते थांबते, सुई वर गेली की दाते त्यास पुढे ढकलतात. त्याच न्यायाने दोन बारीक आकडे फितीच्या कडेच्या भोकांत शिरावे, तिला एका चित्राइतके खाली ओढावे आणि बाहेर निघून वर जावे, अशी रचना त्याने केली. १३ फेब्रुवारी १८९५ रोजी बंधूंनी तिचे पेटंट घेतले. यंत्र हातानेच फिरवावयाचे होते आणि त्याचे वजन सुमारे पाच किलो होते. शिवाय तेच चित्रे घेई, तेच त्यांच्या प्रती काढी आणि मागे दिवा ठेवला की तेच ती पडद्यावर पाडी. ते उचलून कोठेही नेता येत होते, आणि मुंबईच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट हीच.

२८ डिसेंबर १८९५ रोजी पॅरिसच्या ग्रां काफेच्या तळघरात पहिला जाहीर खेळ झाला. त्या दिवशी तिकीट काढून आलेले प्रेक्षक अवघे तेहेतीस. अंगावर येणारी आगगाडी पाहून त्या रात्री लोक किंचाळत पळाले, ही कथा फार रंगवून सांगितली जाते. परंतु त्या दिवसाच्या दहा चित्रांत आगगाडीचे चित्र मुळी नव्हतेच. पहिलेपणाचा मानही निर्विवाद नाही. त्याआधी आठ आठवडे, १ नोव्हेंबर १८९५ रोजी, बर्लिनमध्ये स्क्लादानोव्स्की बंधूंनी आपल्या दोन फितींच्या अवजड यंत्राने पैसे घेऊन खेळ केला होता. अमेरिकेत लॅथम, जेंकिन्स आणि आर्माट हेही त्याच वर्षी पडद्यापर्यंत पोहोचले होते. लंडनला तर २० फेब्रुवारी १८९६ या एकाच दिवशी ल्युमिएरांचा खेळ एका संस्थेत आणि रॉबर्ट पॉल याच्या स्वतंत्र यंत्राचा खेळ दुसऱ्या संस्थेत झाला. ल्युमिएर पुढे गेले ते यंत्राच्या सुटसुटीतपणामुळे आणि आपली माणसे ताबडतोब जगभर पाठविण्याच्या धडाडीमुळे. न्यू यॉर्कला त्यांचा पहिला खेळ २९ जून १८९६ रोजी झाला. मुंबईला त्यानंतर आठच दिवसांनी. विलायतेतील नवी वस्तू हिंदुस्थानात यावयास एक पिढी लागते, या समजुतीस येथे चांगलाच छेद जातो.

मुंबईस हे यंत्र घेऊन आलेला गृहस्थ म्हणजे मारिउस सेस्तिए. धंद्याने औषधविक्रेता; पत्नी बरोबर; आणि मुक्काम खरे तर ऑस्ट्रेलियाचा. मुंबई हा वाटेवरचा थांबा. तथापि वॉटसनच्या खेळाचा गवगवा इतका झाला की, १४ जुलैपासून तो बोरीबंदराकडील नॉव्हेल्टी नाटकगृहात हलवावा लागला. तेथे चित्रांची संख्या हळूहळू चोवीसवर गेली आणि खेळ १५ ऑगस्टपर्यंत चालले. तिकिटांचे दरही बदलले : चार आण्यांपासून दोन रुपयांपर्यंत. पडदानशीन स्त्रियांसाठी आणि कुटुंबांसाठी स्वतंत्र खण राखून ठेवले होते. वाद्यवृंदाची साथही होती. हॉटेलातील एक रुपयाचा साहेबी दर सुटून चार आण्यांचे आसन निघाले, ही घटना वरवर क्षुल्लक दिसते. पण या देशात सिनेमाचा प्रेक्षकवर्ग जन्मास आला तो वॉटसनच्या दालनात नव्हे, नॉव्हेल्टीच्या त्या चार आण्यांच्या आसनांवर, असे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरेल.

हा प्रेक्षक अगदी कोरा होता असेही नाही. भिंतीवर किंवा पडद्यावर प्रकाशाने चित्र दाखवून कथा सांगणे महाराष्ट्रास अपरिचित नव्हते. कुडाळजवळच्या पिंगुळी गावातील ठाकर मंडळी चामड्याच्या बाहुल्या दिव्यासमोर नाचवून रामायण सांगत आली होती. आणि मुंबईपासून तेहेतीस मैलांवर, कल्याणास, महादेव गोपाळ पटवर्धन आणि त्यांचे पुत्र यांनी १८९२ च्या सुमारास जादूच्या कंदिलाचे एक वेगळेच रूप सिद्ध केले होते. त्यास त्यांनी नाव दिले 'शांबरिक खरोलिका'. शंबर हा पुराणांतील मायावी असुर. त्याची विद्या ती शांबरी. परदेशी यंत्रास इतके घरगुती आणि तरीही भारदस्त नाव आपल्याकडे क्वचितच मिळाले असेल.

पटवर्धनांचा खेळ म्हणजे केवळ एकामागून एक चित्र दाखविणे नव्हते. काचेच्या लहान तुकड्यांवर हाताने, बारीक कुंचल्याने, रंगीत चित्रे काढलेली असत. एकाच पात्राच्या निरनिराळ्या अवस्थांची चित्रे वेगाने पालटून पात्र हालल्याचा भास उत्पन्न केला जाई. रामायण-महाभारतातील प्रसंग असत आणि सर्कशीतील कसरतीही असत. निवेदन, संवाद आणि पदे यांची जोड असे. आश्चर्य असे की, त्याच १८९२ साली, २८ ऑक्टोबर रोजी, पॅरिसच्या एका संग्रहालयात एमिल रेनो नावाच्या फ्रेंच कलावंताने हाताने रंगविलेल्या चित्रांची फीत पडद्यावर फिरवून दाखविण्यास प्रारंभ केला होता. कल्याणच्या ब्राह्मण गृहस्थास पॅरिसच्या रेनोचे नावही ठाऊक असण्याचा संभव नाही. दोघेही छायाचित्र नव्हे तर कुंचला हाती घेऊन एकाच दिशेने निघाले होते, आणि दोघांवरही ल्युमिएरांच्या यंत्राने मात केली. रेनोने तर पुढे विपन्नावस्थेत आपली यंत्रे फोडली आणि फिती सेन नदीत फेकून दिल्या. पटवर्धनांचा खेळ मात्र सिनेमा आल्यानंतरही काही वर्षे गावोगाव होत राहिला.

कल्याणची खरोलिका म्हणजे हिंदुस्थानातील पहिला सिनेमा, असा दावा अधूनमधून केला जातो. तो अभिमानापोटी असला तरी टिकणारा नाही. सिनेमाचा प्राण म्हणजे चालत्या जगाचे छायाचित्र; खरोलिकेत ते नव्हते. पण दाखविणे या कलेच्या इतिहासात तिची जागा पक्की आहे, आणि हा इतिहास छायाचित्रणाच्या इतिहासाहून जुना आहे हे विसरल्यामुळेच असे दावे करण्याची पाळी येते.

इकडे सेस्तिएने मुंबईत स्वतःही काही चित्रे घेतली आणि ती लियाँस धाडली. परंतु ती सदोष ठरून ल्युमिएरांच्या यादीत शिरली नाहीत. पुढे तो ऑस्ट्रेलियास गेला आणि तेथे मेलबर्नच्या घोड्यांच्या शर्यतीचे त्याने घेतलेले चित्र गाजले. मुंबईने मात्र १८९६ सालातील आपला चेहरा गमावला. तो चेहरा कसा होता हे पाहण्याची उत्सुकता वाटण्यास आणखीही एक कारण आहे. सेस्तिएचे खेळ आटोपून सहा आठवडेही झाले नाहीत तोच, २३ सप्टेंबर रोजी, मांडवीत डॉ. व्हिएगस यांना प्लेगचा रोगी सापडला आणि पाहता पाहता गर्दीचे हे शहर जवळजवळ निम्मे ओस पडले. प्लेगच्या आधीच्या शेवटच्या पावसाळ्यातील मुंबई त्या नापास झालेल्या फितींवर असणार!

प्लेगच्या त्या दिवसांतही हलती चित्रे थांबली नाहीत. १८९७ साली मेडोज स्ट्रीटवरील क्लिफ्टन कंपनीच्या छायाचित्रगृहात रोजचे खेळ सुरू झाले. आणि ल्युमिएरांची चित्रे पाहून भारावलेल्या एका मराठी छायाचित्रकाराने विलायतेस मागणी धाडली. हे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, लोकांचे सावेदादा. जन्म १८६८ चा. मुंबईत स्वतःचे छायाचित्रणाचे दुकान. एकवीस गिनी मोजून त्यांनी रायली कंपनीचा चलच्चित्राचा कॅमेरा मागविला आणि १८९९ साली हँगिंग गार्डनमध्ये पुंडलिकदादा आणि कृष्णा न्हावी या दोन मल्लांची कुस्ती मुद्दाम लावून तिचे चित्र घेतले. फीत धुण्याची सोय येथे नव्हती; ती लंडनला पाठवावी लागली. ती परत येईपर्यंत सावेदादा स्वस्थ बसले नाहीत. त्यांनी चित्रे दाखविण्याचे यंत्र मिळविले आणि परदेशी चित्रांचे खेळ उघड्या मैदानावर सुरू केले. म्हणजे हिंदी चित्र घेणारा हा पहिल्या काही माणसांपैकी एक गृहस्थ त्याच काळात खेळ दाखविणाराही होता.

विषय निवडण्याची त्यांची दृष्टी विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. कुस्ती, माकडांचा खेळ, पारशी अग्यारीची दुरुस्ती. आणि मग १९०१ च्या डिसेंबरातील तो प्रसंग. दापोली तालुक्यातील मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे केंब्रिजला गणितात सीनियर रँग्लर होऊन मायदेशी परतले. हा मान मिळविणारे ते पहिले हिंदी. त्यांच्या स्वागताचे चित्र सावेदादांनी घेतले, आणि हिंदुस्थानातील पहिला वार्तापट म्हणून त्याचा उल्लेख होतो. राजे, गव्हर्नर, लष्करी संचलने यांचीच चित्रे घ्यावी असा तो काळ. (१९०३ चा दिल्ली दरबार सावेदादांनीही टिपला.) त्या काळात एका कोकणी विद्यार्थ्याच्या गळ्यातील हार हा चित्राचा विषय होऊ शकतो, असे ज्यास वाटले त्याची जाण केवळ यंत्रापुरती नव्हती. दादासाहेब फाळक्यांचे नाव प्रत्येक शाळकरी मुलास ठाऊक असावे हे योग्यच आहे. परंतु सावेदादांचे नाव अभ्यासकांपुरते उरावे हे योग्य नव्हे.

फाळक्यांच्या वाट्यास जे काम आले तेही, बारकाईने पाहिले तर, पुन्हा त्या कडेच्या भोकांशी येऊन पोहोचते. १९१२ साली ते लंडनहून विल्यमसन कॅमेऱ्याबरोबर फितीस भोके पाडण्याचे यंत्रही घेऊन आले, कारण कोरी फीत तेव्हा भोकांवाचून येत असे. दादरच्या घरी रात्रीच्या अंधारात ही भोके पाडण्याचे काम त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई करीत. भोक केसभर चुकले तर पडद्यावर चित्र थरथरावयाचे. लुई ल्युमिएरने शिवणयंत्रावरून जी युक्ती काढली ती दादरला अशी पुन्हा एका गृहिणीच्या हाती आली. ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढे आला. त्याच चित्रगृहात आदल्या वर्षी, १८ मे १९१२ रोजी, दादासाहेब तोरणे यांचा 'श्री पुंडलिक' दाखविला गेला होता. मात्र तो रंगभूमीवरील नाटकाचे घेतलेले चित्र होता आणि त्याची फीत धुण्यासाठी लंडनलाच गेली होती.

सावेदादांना दीर्घ आयुष्य लाभले. १९३१ साली मॅजेस्टिकमध्ये 'आलम आरा' बोलू लागला तेव्हा ते त्रेसष्ट वर्षांचे होते, आणि १९५८ साली, रंगीत बोलपटांच्या जमान्यात, ते निवर्तले. त्यांच्या कुस्तीची आणि परांजप्यांच्या स्वागताची फीत मात्र आज उपलब्ध नाही. त्या काळच्या नायट्रेटच्या फिती ज्वालाग्राही आणि अल्पायुषी. उष्ण दमट हवेत त्या चिकटत, कुजत, कधी आपोआप पेट घेत. फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'चीही पहिली आणि शेवटची अशी थोडी रिळे तेवढी पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात आहेत, आणि तीही १९१७ साली पुन्हा घेतलेल्या चित्राची असावीत असे काही अभ्यासक मानतात.

वॉटसनचे हॉटेल बंद होऊन त्या इमारतीस एस्प्लनेड मॅन्शन हे नाव पडले. तिच्या दालनांच्या खोल्या झाल्या, खोल्यांची कार्यालये झाली. जगातील धोक्यात आलेल्या शंभर वास्तूंच्या २००६ सालच्या यादीत तिचे नाव आले आणि २०१९ साली ती धोकादायक ठरवून रिकामी करण्याचा हुकूम निघाला. कल्याणच्या पटवर्धनांनी रंगविलेल्या काचा मात्र पुष्कळशा शाबूत राहिल्या आहेत. काच कुजत नाही. त्यांतील एखादी उजेडासमोर धरली, तर शंभराहून अधिक वर्षांपूर्वी भरलेले रंग अजूनही पलीकडच्या भिंतीवर उमटतात.